गळपट्टी शिवणारी बाई

माझे बाबा कुठलाही कागद उघडा राहू देत नाहीत. जिल्हा परिषदेच्या कचेरीत पस्तीस वर्षं काढल्याचा तो परिणाम असावा. माझी दहावीची गुणपत्रिका, आईचं रक्तगटाचं कार्ड, आजोबांचा एकुलता एक फोटो, नागपूरच्या घराच्या नळाची पहिली पावती, सगळं लॅमिनेट केलेलं. माझ्या लग्नाची पत्रिकासुद्धा त्यांनी लॅमिनेट करून मला इथे अमेरिकेत, ईडन प्रेरीला आणून दिली. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे घडलं त्यात बाबांनी वेगळं असं काहीच केलं नाही. आयुष्यभर ज्याला ते कागद सांभाळणं म्हणत आले, तेच त्यांनी केलं.

आई गेल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात ते माझ्याकडे आले. जूनमध्ये आले, परतीचं तिकीट नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातलं. नवरा सोमवार ते गुरुवार क्लायंटकडे, दुसऱ्या राज्यात. मी घरीच, पण वरच्या खोलीत, कानाला हेडफोन लावून. म्हणजे बाबा एकटेच. पहिले पंधरा दिवस त्यांनी टीव्ही पाहिला, तळ्याभोवती चकरा मारल्या, आणि संध्याकाळी मी खाली आले की गल्लीतून कोण कोण गेलं ते मला सांगितलं. मला त्यांची कीव यायची, आणि कीव आली की माझा आवाज चढतो. माझा स्वभावच तसा आहे. ‘बाबा, तुम्ही काहीतरी वाचा ना,’ असं मी इतक्यांदा खेकसले की शेवटी त्यांना वाचायला खरंच काहीतरी मिळालं.

आमच्या रांगेतल्या सगळ्या घरांच्या टपालपेट्या गल्लीच्या टोकाला एकाच जागी आहेत. तिथे एका दुपारी शेजारच्या जपानी बाई एक पाकीट नाकाशी धरून, मान तिरकी करून उभ्या होत्या. ऐंशी ओलांडलेल्या. त्यांच्या नजरेचा मधला भाग गेला होता. कडेकडेचं दिसायचं, समोरचं नाही. बाबा पुढे झाले, ‘मे आय, मॅडम?’ म्हणाले आणि ते पत्र तिथेच उभ्याने, साहेबासमोर फाइल वाचावी तशा खणखणीत आवाजात वाचून दाखवलं. ‘डिअर व्हॅल्यूड कस्टमर’पासून तळाच्या बारीक अक्षरातल्या अटींपर्यंत. पत्र कुठल्याशा गालिचे धुणाऱ्या कंपनीचं होतं. बाई म्हणे हसून हसून पेटीला टेकल्या.

त्या दिवसापासून रोज चार वाजता बाबा त्यांच्याकडे टपाल वाचायला जाऊ लागले. आमच्या घरात त्यांचं नाव ‘मॅडम’ पडलं. बाबा प्रत्येक पाकिटावर पेन्सिलीने आवक क्रमांक टाकायचे. मी म्हटलं, ‘बाबा, अहो जंक मेल आहे ते.’ तर म्हणाले, ‘टपाल ते टपाल. ऑफिसात आलं की नोंद झालीच पाहिजे.’ मॅडमना हे पटलेलं असावं, कारण त्या मला एकदा कौतुकाने म्हणाल्या की आवक क्रमांक एकशे बारामध्ये त्यांच्या डॉक्टरांची तारीख होती आणि ती बाबांमुळेच लक्षात राहिली. त्यांचं इंग्रजी सावकाश आणि मोजकं होतं, बाबांचं कचेरीतलं. दोघांचं एकमेकांशी इतकं छान जमायचं की मला क्वचित हेवा वाटायचा. माझ्याशी बाबा दिवसाकाठी दहा वाक्यं बोलत असतील.

सप्टेंबरच्या शेवटी बाबांना सर्दी झाली. मॅडमना लागण नको म्हणून त्यांनी टपाल वाचायला मला पाठवलं. मी सगळी पाकिटं दहा मिनिटांत उरकली. मॅडम म्हणाल्या, ‘तुझे वडील एक तास घेतात.’ मी ओशाळले. मग त्या उठल्या, भिंतीला हात लावत आत गेल्या आणि एक पुठ्ठ्याची सपाट पेटी घेऊन आल्या. त्यात पातळ कागदांच्या घडीत एक चित्र होतं.

जपानी चित्र म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे लाट आणि डोंगर येतात, मोबाइलच्या कव्हरवर असतात ते. यात तसलं काही नव्हतं. एक बाई जमिनीवर बसून शिवतेय, एवढंच. मांडीवर करड्या-निळ्या रेघांचं कापड, दातांत दोऱ्याचं टोक, मानेवर सुटलेले दोन केस. शेजारी कात्री आणि अर्धवट उघडी शिवणाची पेटी. तिच्या हातात एक लांब पांढरी पट्टी होती. मॅडम म्हणाल्या, ती गळपट्टी. किमोनोच्या गळ्याला आतून टाचायची, मळली की उसवायची, धुऊन पुन्हा टाचायची. घरोघरच्या बायकांचं हे न संपणारं काम.

‘ही कुणी राणी नाही,’ त्या म्हणाल्या. ‘या जातीच्या चित्रांत बायका केस धुतात, मच्छरदाणी लावतात, पोराला पाजतात. पूर्वी ही स्वस्त असायची. लोक घरी नेऊन भिंतीला चिकटवायचे आणि मळली की फेकून द्यायचे.’ हे चित्र मूळचं जुनं, पण त्यांच्याकडची प्रत दुसऱ्या महायुद्धानंतर नवे लाकडी ठसे कोरून छापलेली होती. ती छापणारे त्यांचे वडील. असल्या चित्रात चित्रकार एक, लाकूड कोरणारा दुसरा आणि छापणारा तिसरा. प्रत्येक रंगाचा ठसा निराळा, आणि एकाच कागदावर सगळे रंग एकमेकांना धक्का न लावता उतरवायचे ते छापणाऱ्याने. नाव मात्र चित्रकाराचं.

मग त्यांनी माझं बोट धरून त्या पांढऱ्या पट्टीवर ठेवलं. तिथे मला नुसता कोरा कागद दिसत होता. बोटाला मात्र नक्षी लागली. बारीक, चांदण्यांसारखी, पट्टीभर. रंग न लावता नुसता ठशावर ओला कागद दाबून ती उठवतात, आणि कागद ठशावर घासायच्या हातातल्या गोल गादीचा जोर पुरत नाही म्हणून छापणारा त्यावर कोपर रोवतो. मॅडमच्या वडिलांच्या उजव्या कोपराला त्यामुळे कायमचा घट्टा होता.

तेविसाव्या वर्षी मॅडमनी एका अमेरिकन माणसाशी लग्न केलं, तेव्हा वडिलांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं. निरोप द्यायलासुद्धा आले नाहीत. पुढे मुलगा झाला, त्या वर्षी टपालाने हे चित्र आलं. सोबत चिठ्ठी नाही, आशीर्वाद नाही, एक अक्षर नाही. मॅडमना इतका राग आला की त्यांनी ते चादरींच्या कपाटात तळाशी कोंबलं. वडील वारल्यावर कधीतरी चादरी काढताना ते हाताला आलं आणि बोट त्या पट्टीवरून गेलं. ‘तेव्हा मला कळलं,’ त्या म्हणाल्या, ‘त्यांनी सगळ्यात जास्त मेहनत जिथे केली होती, तिथेच मी पाहिलं नव्हतं.’ मग त्यांनी ते चौकटीत लावलं, पण नजर जायला लागली तशी चौकट उचकटून काच काढून टाकली. काचेवरून बोटाला काही कळत नाही. आता रोज दुपारी त्या चित्र मांडीवर घेऊन बसायच्या. फक्त त्या बाईचा चेहरा विसरायला लागलाय, एवढीच त्यांची खंत होती.

हे ऐकून मी नुसतं गप्प बसायला हवं होतं. पण मी पडले आयटीतली. कुणी दुःख सांगितलं की मला सोल्यूशन सुचतं. मी म्हटलं, ‘आमच्या ऑफिसला मोठा स्कॅनर आहे. मी हाय रेझोल्यूशनमध्ये स्कॅन करून देते. टीव्हीवर भिंतीएवढं दिसेल, तुम्हाला चेहरा नक्की दिसेल.’ त्या नको म्हणत होत्या. मीच मागे लागले. दोन दिवसांत परत आणते, असं सांगून मी पेटी घरी आणली. बाबांना एवढंच म्हटलं, ‘मॅडमचं आहे, स्कॅन करायचंय.’ आणि पेटी जेवणाच्या टेबलावर ठेवली.

मग आमचा सॉफ्टवेअरचा रिलीज आला, त्यात काहीतरी फुटलं, आणि दोन दिवसांचे दहा दिवस झाले. पेटी टेबलावरच होती. कधी तिच्यावर माझी ऑफिसची बॅग, कधी वाण्याच्या दुकानातून आणलेल्या पिशव्या. बाबांची सर्दी गेली, ते पुन्हा रोज चार वाजता जाऊ लागले. त्यांनी दोनदा विचारलं, ‘मॅडमचं काम झालं का?’ मी दोनदा ‘हो, करते ना’ म्हणून ओरडले.

अकराव्या दिवशी संध्याकाळी मी खाली आले तर बाबा टेबलापाशी इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते. चेहऱ्यावर, मी मेरिटमध्ये आले तेव्हा होतं तसं हसू. समोर मॅडमचं चित्र. चकचकीत. चारही बाजूंनी बोटभर प्लास्टिक.

‘पाहा,’ ते म्हणाले. ‘एक कोपरा फाटायला आलता. कागद तर इतका पातळ की हातात धरायची भीती. दुकानातली बाई म्हणे, आर यू शुअर? मी म्हटलं, हंड्रेड पर्सेंट! आता शंभर वर्षं काही होत नाही. आणि रंग पाहा ना, कसे खुलून आले.’

रंग खरंच खुलले होते. निळ्या रेघा ओल्या असाव्यात तशा दिसत होत्या. मी पांढऱ्या पट्टीवर बोट ठेवलं. बोट सरळ घसरत गेलं. आत, खाली, कुठेच काही लागलं नाही. मशीनच्या तापलेल्या रुळांनी कागद पार सपाट करून टाकला होता.

मी काय काय बोलले ते सगळं लिहवत नाही. ‘तुम्हाला कोणी सांगितलं होतं?’ हे पाचसहा वेळा म्हणाले. कोपराचं, वडिलांचं, बोटाचं, सगळं ओरडून सांगितलं. बाबा आधी म्हणाले, ‘तू चिडून काऊन राहिली? पाहून तर घे,’ आणि मग हळूहळू खुर्चीत बसले. पट्टी दाखवत एवढंच म्हणाले, ‘मला वाटलं, इथे रंग द्यायचा राहून गेलाय.’ त्यावर मी म्हटलं, ‘बरं झालं, तुमचं तिकीट काढलेलं आहे.’

ते वाक्य तोंडातून गेलं आणि मला स्वतःचीच शरम वाटली. पण मी ते मागे घेतलं नाही. तणतणत वर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी जुने कागद दुरुस्त करणाऱ्या एका बाईंना फोटो पाठवले. त्यांचं उत्तर सभ्य होतं. प्लास्टिक कदाचित निघेल, कदाचित रंगासकट निघेल. पण उष्णतेने बसलेला उठाव परत येत नाही. म्हणजे संपलंच.

बाबा चार वाजता टपाल वाचायला गेले नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मॅडमचा मला फोन आला. बाबांना पुन्हा सर्दी झाली का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हो. मग हळूच विचारलं, स्कॅन झालं का, चेहरा कसा आलाय. मी म्हटलं, ऑफिसचा स्कॅनर बिघडलाय. मी फोन ठेवला. एक बाई रोज दुपारी जे हातात घेऊन बसते ते आपण तिच्याकडून हट्टाने आणलं, घालवलं, आणि आता तिला थापा मारतोय. आणि खाली माझे बाबा, ज्यांना या अख्ख्या देशात एकच मैत्रीण मिळाली होती, ते तिच्या दारावरून जायला नको म्हणून तळ्याकडे उलट्या बाजूने जात होते.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला वर येऊन विचारलं, ‘इरेपरेबलमध्ये आर किती?’ मी विचारलं, कशाला. ते म्हणाले, ‘अर्ज लिहून राहिलो.’ बाबांना तोंडी माफी मागता येत नाही. त्यांची आख्खी नोकरी कागदावर गेली. जे लिहिलं नाही ते त्यांच्या लेखी घडलंच नाही. मी म्हटलं, ‘बाबा, पण त्यांना दिसत नाही. त्या वाचणार कशा?’ ते माझ्याकडे पाहत राहिले. ‘मीच वाचीन ना,’ म्हणाले. ‘रोजचं कोण वाचतं?’

आम्ही शनिवारी गेलो. ऑक्टोबरचा मध्य आणि अवेळी पहिला बर्फ पडून गेलेला. मॅडमनी बाबांचा आवाज ऐकला आणि चेहरा उजळला. तो उजळलेला पाहून मला परत फिरावंसं वाटलं. बाबांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पेटी ठेवली. आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसले. तीनचार दिवसांचं टपाल तिथे साठलं होतं, ते त्यांनी बाजूला सारलं आणि खिशातून घडी केलेला कागद काढला. वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं होतं, जावक क्रमांक एक.

‘धिस इज आउटवर्ड, मॅडम,’ ते म्हणाले. ‘फ्रॉम मी टू यू.’

आणि नेहमीच्या आवाजात त्यांनी वाचायला सुरुवात केली. रिस्पेक्टेड मॅडम. सब्जेक्ट, डॅमेज टू युअर फादर्स पिक्चर. विथ रेफरन्स टू द अबाव्ह सब्जेक्ट, आय द अंडरसाइन्ड बेग टू स्टेट. मग काय झालं ते त्यांनी सरळ लिहिलं होतं. अमुक दिवशी आपण स्वतः, आपल्या मर्जीने, दुकानात जाऊन चित्र प्लास्टिकमध्ये घालून आणलं. त्यामुळे कागद सपाट झाला. गळपट्टीवरची नक्षी, जी मॅडमच्या पूज्य पिताजींनी कोपराने उठवली होती, ती गेली. इट इज इरेपरेबल.

मॅडमचा हात पेटीकडे गेला. झाकण काढून त्यांनी बोटं आत नेली. प्लास्टिकचा कर्र असा आवाज आला. त्यांनी पट्टी शोधली, बरोबर जागी बोट ठेवलं, आणि ते पुढेमागे, पुढेमागे करत राहिल्या. चेहरा हलला नाही. बोट मात्र थांबेना. मला ते बघवत नव्हतं.

बाबा वाचतच होते. ‘माय डॉटर हॅड क्लिअरली इन्स्ट्रक्टेड मी नॉट टू टच द सेड पिक्चर. आय डिसओबेड. शी इज नॉट अ‍ॅट फॉल्ट.’

हे खोटं होतं. मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. दहा दिवस ते चित्र मी बॅगेखाली दाबून ठेवलं होतं. कशाला हात लावायचा नाही, का लावायचा नाही, हे एका शब्दाने बोलले नव्हते. त्या दिवशी ओरडतानाही माझी चूक माझ्या मनात आली नव्हती. ती बाबांच्या मनात आली होती, आणि हाताखालच्या कारकुनाला वाचवावं तसं त्यांनी मला कागदावर वाचवून ठेवलं होतं. मी गप्प राहिले असते तर मॅडमना कधीच कळलं नसतं.

‘हे खरं नाही,’ मी म्हटलं. ‘मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. मी तुमचं चित्र घरी नेलं आणि विसरले. आणि फोनवर खोटं बोलले. स्कॅनर चांगला आहे.’

बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ते खरोखर चिडले होते. ‘मध्ये बोलायचं नसते,’ ते मराठीत म्हणाले. ‘पत्र पुरं तर होऊ दे.’

त्यांनी ओळीवर बोट ठेवून जागा शोधली आणि पुढचा परिच्छेद वाचला. आता त्यांचा आवाज कचेरीतला राहिला नव्हता.

पुढे लिहिलं होतं की असं का केलं याचा खुलासा देणं आपलं कर्तव्य आहे. चित्रातल्या बाईच्या दातांत दोऱ्याचं टोक आहे. माझी दिवंगत पत्नी अशीच बसत असे. साड्यांना फॉल लावायचं काम ती घरी करत असे आणि दोऱ्याचं टोक असंच दातांत धरत असे. तिचा तसा बसलेला एकही फोटो माझ्याकडे नाही. दहा दिवस हे चित्र टेबलावर होतं. रोज जेवताना मी पेटी उघडून पाहत होतो. कागद फाटत चालला होता. मला ती टिकावीशी वाटली. योर्स फेथफुली.

मला ते दिसलं नव्हतं. मी ते चित्र मॅडमच्या टेबलावर किती निरखून पाहिलं होतं. केस पाहिले, कात्री पाहिली, कापडाच्या रेघा पाहिल्या. दातांतला दोराही पाहिला आणि आई आठवली नाही. आमच्या पुढच्या खोलीत, भिंतीला पाठ लावून, मांडीवर कुणाची तरी साडी घेऊन ती वीस वर्षं तशी बसलेली होती. मी रडले. मोठ्याने रडले, दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात.

मॅडमनी बोट काढून घेतलं. इथे माणसं कशालाही ‘इट्स ओके’ म्हणतात. पायावर गाडी गेली तरी म्हणतील. मी त्याचीच वाट पाहत होते. त्या म्हणाल्या नाहीत.

‘मला राग आलाय,’ त्या म्हणाल्या. ‘फार. तुमच्या दोघांचाही.’

‘येस, मॅडम,’ बाबा म्हणाले.

‘तुम्ही कधी जाणार?’

‘थ्री वीक्स.’

मॅडमनी मान तिरकी केली, कडेच्या नजरेने त्यांना पाहायला करायच्या तशी. ‘वडिलांवरचा राग जायला मला तीस वर्षं लागली,’ त्या म्हणाल्या. ‘तेव्हा ते नव्हते. तीन आठवड्यांत माझं काही व्हायचं नाही. तुम्हाला थांबावं लागेल.’

मग त्यांनी पेटीचं झाकण लावलं आणि आज आता जा म्हणाल्या. दारापर्यंत आल्या नाहीत.

बाहेर रस्त्यावर बर्फ वितळून पुन्हा गोठलेला होता. बाबा माझे जुने बूट घालून पावलं मोजत चालत होते. आम्ही टपालपेट्यांपर्यंत आलो. तिथे ते थांबले, वळले, आणि कचेरीत एखाद्या नियमाचा अर्थ विचारावा तसं त्यांनी मला विचारलं, ‘त्या थांबा म्हणून राहिल्या. तू म्हणाली होती, बरं झालं तिकीट आहे. आता मी काय करू?’

ते टोमणा मारत नव्हते. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. चार दिवस ते माझ्या घरात, माझ्या हातचं जेवत, आपण इथे नको आहोत हे धरून चालले होते.

‘बाबा, ते मी बोलायला नको होतं,’ मी म्हटलं. ‘माझं चुकलं.’

आमच्या घरात हे असं कुणी कुणाला म्हणत नाही. मला वाटलं, ते म्हणतील, जाऊ दे गं. आईबाप म्हणतातच.

‘हो,’ बाबा म्हणाले. ‘चुकलं.’

आणि पुढची वाट निसरडी होती म्हणून त्यांनी माझा हात धरला.